गावाबाहेरचं घर आणि अंगणात प्रोपेनची टाकी : घ्यावं का?

रानवारा
नमस्कार मंडळी. आम्ही मिनेसोटात असतो, इतकी वर्षं शहरात टाउनहोममध्ये काढली, आता लेक कॉलेजला गेली आणि नवऱ्याला शेतीचा किडा चावलाय. तर गावाबाहेर पाच एकरांवर एक घर बघितलंय, घर झकास आहे पण तिथे पाइपलाइनचा गॅस नाही. मागच्या अंगणात पांढरी लांबट टाकी आहे ५०० गॅलनची, प्रोपेनची, आणि घरातलं सगळं म्हणजे घर तापवणारा फर्नेस, गरम पाणी, शेगडी, कपडे वाळवायचं मशीन, वीज गेली तर जनरेटर, सगळं त्या एका टाकीवर. मला उगाच धडकी भरलीये. उणे तीस तापमानात गॅस गोठतो का? फार महाग पडतो का? आणि एवढा बॉम्ब अंगणात घेऊन झोप लागते का हो? अनुभवी लोकांनी प्लीज लिहा, पुढच्या आठवड्यात ऑफर टाकायचीये.

खमंग_फोडणी
घर घे गं, पाच एकर! भेंडी लाव.

बर्फाळ_बंडू
विस्कॉन्सिनच्या खेड्यात राहतो, माझ्याकडे टाकी आहे आणि झोप मस्त लागते. तुम्ही तीन प्रश्न विचारलेत पण खरा प्रश्न चौथाच आहे: टाकी कोणाची? घरमालकाची स्वतःची आहे की गॅस कंपनीने लीजवर ठेवलीये? हे आधी एजंटला विचारा, बाकी सगळं नंतर. लीजची असेल तर त्या टाकीत दुसऱ्या कोणाला गॅस भरता येत नाही, म्हणजे शेजारच्या गावातला डीलर गॅलनमागे पन्नास सेंट स्वस्त देत असला तरी तुम्ही नुसतं बघत बसायचं. शिवाय काही करारांत वर्षाला किमान इतके गॅलन घेतलेच पाहिजेत अशी अट असते, नाही घेतले तर टाकीचं भाडं, वर डिलिव्हरीची फी, करार मोडला तर टाकी उचलून न्यायचा वेगळा चार्ज. लोक भाव विचारतात आणि खुश होतात, बारीक अक्षरं वाचत नाहीत.

रानवारा
अरे बापरे, हे डोक्यातच नव्हतं. विचारते. पण गोठण्याचं सांगा ना.

पोलादी_पुणेकर
मी रिफायनरीतून रिटायर झालोय, सध्या मुक्काम पुणे, हा विषय माझा आवडता म्हणून थोडं लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढे जा.

टाकीत प्रोपेन द्रवरूपात असतो, दाबाखाली. शेगडीपर्यंत येतो तो त्या द्रवाची वाफ होऊन. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे बाहेर उणे तीस असलं तरी टाकीत तो "उकळत" असतो आणि दाब राहतो. कमी राहतो पण राहतो. आता आपल्या भारतातला लाल सिलिंडर घ्या, त्यातला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण आणि आपल्याकडे ब्यूटेनचा वाटा बराच. ब्यूटेन उकळतो साधारण शून्याच्या जरासा खाली, उणे अर्ध्या अंशाला. पुण्या-मुंबईत काय फरक पडतो, ब्यूटेन पण आरामात उडतो. पण तोच सिलिंडर मिनेसोटात जानेवारीत बाहेर ठेवला तर आधी प्रोपेन उडून जाईल आणि उरलेला ब्यूटेन तळाशी पाण्यासारखा डुबुक डुबुक करत बसेल, नॉब कितीही फिरवा. म्हणून थंड मुलखात शुद्ध प्रोपेन चालतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती टाकी बाहेरच्या हवेतून घेते, टाकीच्या जितक्या पत्र्याला आतून द्रव लागलेला असेल तितक्याच भागातून. टाकी तळाला गेली, बाहेर कडाका, आणि घरात फर्नेस, गीझर, जनरेटर सगळं एकदम चालू, तर वाफ कमी पडते आणि फर्नेस बंद पडतो. गॅस गोठला असं लोक म्हणतात पण गोठत काही नाही, वाफ पुरत नाही इतकंच. कडक थंडीत टाकीवरचा, किती गॅस उरलाय ते दाखवणारा काटा ३० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका.

लेहवारी
पोलादी काका, तुमचं वाचून लेहचे दिवस आठवले. आमच्या ह्यांचं पोस्टिंग होतं, हिवाळ्यात सिलिंडर भरलेला, उचलून बघितला तर जड, पण ज्योत मात्र मिणमिण. कढईत कांदा टाकला की तो तळायच्या ऐवजी नुसता घाम गाळत बसायचा. सगळे सिलिंडर स्वयंपाकघराच्या आत, बुखारीच्या (खोली तापवायच्या शेगडीच्या) खोलीला लागून ठेवायचे, कोणी कोमट पाण्याने भिजवलेलं पोतं गुंडाळायचं. मला वाटायचं डीलर अर्धं पाणी भरून देतो की काय. आत्ता कळलं तळाशी ब्यूटेन उरायचा.

पोलादी_पुणेकर
अगदी बरोबर. कोमट पाण्यापर्यंत ठीक, पण उकळतं पाणी किंवा जाळ सिलिंडरजवळ नेऊ नका, ते मात्र जिवावर बेतू शकतं.

गणिती
भावाचं मी करतो. एक गॅलन प्रोपेनमध्ये सुमारे ९१,५०० बीटीयू (उष्णता मोजायचं माप). फर्नेस चांगला, ९५ टक्के उष्णता घरात देणारा धरला तर घरात १० लाख बीटीयू उष्णता यायला साडेअकरा गॅलन लागतात. गॅलनचा भाव अडीच डॉलर धरून चाला, म्हणजे जवळपास २९ डॉलर. तेवढीच उष्णता पाइपच्या नॅचरल गॅसने, थर्मला (म्हणजे एक लाख बीटीयूला) १.१० डॉलर धरला तर, साडेअकरा-बारा डॉलरमध्ये मिळते. साध्या विजेच्या हीटरने, युनिटला १४ सेंट, तर ४१ डॉलर. म्हणजे पाइपच्या गॅसपेक्षा प्रोपेन अडीच पट महाग, हीटरपेक्षा स्वस्त. तुमच्याकडच्या थंडीत मध्यम घराला हंगामात ८ कोटी बीटीयू लागले असं समजा, तर ९२० गॅलन, २,३०० डॉलर. शहरातल्या बिलाशी तुलना करून रडू नका, घराच्या किमतीत तो फरक आधीच आलेला असतो. तुमचे आकडे टाकून परत काढा, माझे भाव नुसते धरलेले आहेत.

आणि हो, ५०० गॅलनची टाकी कधीच ५०० भरत नाहीत. ८० टक्केच भरतात कारण उन्हाळ्यात द्रव फुगतो, वर जागा ठेवावी लागते. म्हणजे ४०० गॅलन. आपल्या हिशोबात सांगायचं तर १४.२ किलोचे ५३-५४ सिलिंडर अंगणात आडवे झोपलेत.

खमंग_फोडणी
५४ सिलिंडर!! माझ्या सासूबाईंना ऐकवलं, त्या म्हणाल्या एक नंबर लावायला पूर्वी किती वाट बघायचो.

चिकित्सक
प्रोपेनचं एवढं कौतुक चाललंय म्हणून विचारतो, हीट पंप (उलट्या एसीसारखा, बाहेरच्या हवेतली उष्णता घरात ओढणारा) का नाही? जग कुठे चाललंय आणि आपण टाकी भरतोय.

गणिती
प्रश्न रास्त आहे. हीट पंपाने एका युनिट विजेत अडीच युनिट उष्णता दिली तर वरच्याच हिशोबात १६-१७ डॉलर पडतात, प्रोपेनपेक्षा बराच स्वस्त. कडाक्याच्या थंडीत तो एकास दीडच्या खाली गेला की प्रोपेन परवडायला लागतो. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, मार्च-एप्रिल हीट पंप चालवा आणि जानेवारीच्या कडाक्यात प्रोपेनचा फर्नेस. दोन्ही ठेवणारे बरेच लोक आहेत. नुसत्या हीट पंपावर खेड्यात राहायचं तर वीज गेल्यावर काय, हा प्रश्न राहतोच.

बर्फाळ_बंडू
+१. बर्फाच्या वादळात आमच्याकडे वीज जाते ती पटकन येत नाही. घराचा मोठा जनरेटर निम्म्या लोडला तासाला साधारण दोन गॅलन पितो, पूर्ण लोडला साडेतीनपर्यंत. टाकी अर्धी असली तरी काही दिवस निभतात. डिझेल किंवा पेट्रोल साठवलं तर ते जुनं होतं, चिकटा धरतं, प्रोपेन वर्षानुवर्षं तसाच राहतो.

आता भावाबद्दल माझं मत. प्रोपेन कधी घेता त्यावर सगळं आहे. २०१३-१४ चा हिवाळा इथे कोणी विसरलेलं नाही. त्या वर्षी मका उशिरा आणि ओला निघाला, तो वाळवायला शेतकऱ्यांनी प्रोपेन जाळला (मक्याचे ड्रायर प्रोपेनवरच चालतात, शहरातल्यांना हे माहीत नसतं), त्यात कॅनडातून मिनेसोटाला प्रोपेन आणणारी कोचीन पाइपलाइन दुरुस्तीसाठी बंद होती, आपल्या कोचीनशी काही संबंध नाही, आणि मग जानेवारीत ती ध्रुवीय थंडी आली. कॅन्ससच्या कॉनवेमध्ये मोठे भूमिगत साठे आहेत, तिथला घाऊक भावच उसळला आणि आमच्या भागात घरपोच भाव गॅलनला चार डॉलरच्या वर गेला. लोक एका खोलीत शेगडी पेटवून झोपत होते. २०१४ मध्ये त्या पाइपलाइनचा प्रवाहच उलटा केला, आता ती प्रोपेन आणत नाही, त्याऐवजी बराचसा रेल्वेने येतो. तर शहाणपण एवढंच की उन्हाळ्यात भाव बांधून घ्या, प्री-बाय म्हणतात, आणि टाकी सप्टेंबरात भरा. कीप-फुल घेतलंत तर ते आपणहून येऊन भरतात, विल-कॉल घेतलंत तर तुम्ही काटा बघून फोन करायचा. विल-कॉल स्वस्त वाटतो, पण टाकी एकदा रिकामी झाली की पुन्हा चालू करायच्या आधी सगळ्या लाइनची गळती तपासणी करावी लागते, त्याचे पैसे आणि वर इमर्जन्सी डिलिव्हरीचे. पहिल्या हिवाळ्यात कीप-फुलच घ्या.

रानवारा
बंडूदादा, तुम्ही तर अख्खं पुस्तकच लिहिलंत, थँक्यू! आता बॉम्बचं राहिलं.

पोलादी_पुणेकर
बॉम्ब म्हणू नका. टाकी जाड पोलादाची असते, वर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, दाब वाढला तर थोडा गॅस सोडून देतो. ५०० गॅलनपर्यंतची जमिनीवरची टाकी घरापासून निदान १० फूट लांब पाहिजे, ते मोजून घ्या. त्याहून मोठी असेल तर २५ फूट. खरी काळजी टाकीची नाही, घरातल्या गळतीची. नॅचरल गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो, खिडकीतून निघून जातो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड. तो खाली उतरतो, बेसमेंटमध्ये जाऊन साचतो, आणि तुमच्या घरांना बेसमेंट असतंच, तिथेच वॉटर हीटरची ज्योत. म्हणून डिटेक्टर छताला नाही, जमिनीलगत लावायचा. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. वास येतो तो मरकॅप्टनचा, मुद्दाम घातलेला, प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. वास आला की दिव्याचं बटण लावू नका, बंदही करू नका, बाहेर पडा, बाहेर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि मग फोन. आपल्याकडे आईने शिकवलेलं असतंच, फक्त तिथे "खिडक्या उघडा" यावर विसंबू नका कारण बेसमेंटला खिडक्या नावालाच.

बर्फाळ_बंडू
अजून एक, छपरावरचा बर्फ टाकीवर आणि रेग्युलेटरवर घसरून पडतो. रेग्युलेटरला श्वास घ्यायला भोक असतं, ते बर्फाने बुजलं तर दाब बिघडतो. झाडूने झाडा, फावड्याने ठोकू नका. आणि टँकरवाल्यासाठी वाट साफ ठेवा नाहीतर तो परत जातो.

ट्रकवाला_नाना
आम्ही निवृत्तीनंतर कॅम्पर व्हॅन घेतली, त्यात फ्रीज प्रोपेनवर चालतो!! आधी मला थट्टाच वाटली, ज्योतीने थंड कसं होणार. पण चालतो, अमोनिया आणि पाणी तापवून वगैरे काहीतरी, कॉम्प्रेसर नाही, आवाज शून्य. व्हॅन जरा कलती उभी केली तर मात्र रुसतो. शेगडी, गीझर, फ्रीज, सगळं दोन छोट्या सिलिंडरवर.

शिरवळ_नाका
थंड करण्यावरून निघालंच आहे तर आमच्या गावचं सांगतो. गोदरेजने २०१२ साली प्रोपेन वापरणारे स्प्लिट एसी आणले, ते शिरवळच्या कारखान्यात बनतात, साताऱ्याच्या हद्दीत, नीरा ओलांडली की. त्यात प्रोपेन जळत नाही, तोच आत फिरून थंडावा करतो, आर-२९० म्हणतात. जुन्या एसींतल्या आर-२२ गॅसची तापमानवाढीची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या १,८१० पट, प्रोपेनची धरतात ३. चिकित्सक साहेब खुश होतील. भरायचा असतो काही शे ग्रॅमच. फक्त एसीवाला पोरगा ट्रेन केलेला पाहिजे, आणि घरच्या सिलिंडरमधून त्यात गॅस भरायचा जुगाड कोणी करू नका, मिश्रण वेगळं, ओल असते. उलट एसीच्या प्रोपेनला वास घातलेला नसतो, गळला तर नाकाला कळत नाही.

चिकित्सक
हे माहीत नव्हतं. खुश.

टाईल्सवाला
नाशिकला टाईल्सचं दुकान आहे, माल गुजरातच्या मोरबीहून येतो म्हणून प्रोपेनचा भाव मलाही बघावा लागतो. २०१९ ला हरित लवादाने तिथले कोळशापासून गॅस करणारे गॅसिफायर बंद करायला लावले, सगळे पाइपच्या गॅसवर गेले, मग २०२२ मध्ये तो गॅस इतका महागला की कारखान्यांनी अंगणात प्रोपेनच्या टाक्या बसवल्या. आता ज्याचा भाव कमी त्यावर भट्टी. आमच्या टाईल्सचा रेट आखातातल्या भावावर हलतो, गिऱ्हाईकाला सांगितलं तर खोटं वाटतं.

पोलादी_पुणेकर
खोटं काही नाही. भारताला लागणारा निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून येतो आणि बहुतेक आखातातून, होर्मुझच्या चिंचोळ्या समुद्रातून. सौदीचा महिन्याचा भाव जाहीर झाला की इकडे हिशोब हलतात. अमेरिकेत शेल खडकातून काढलेल्या तेल-वायूमुळे प्रोपेन इतका निघतो की ते आता निर्यात करतात. २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या सरकारी कंपन्यांनी २०२६ साठी तिथून २२ लाख टनांचा करार केला. तर रानवारा ताई, तुमच्या टाकीतला आणि माझ्या शेगडीखालचा गॅस एकाच देशाचा असू शकतो. आणि प्रोपेन नुसता जाळायचा नाही बरं का, उरणला ओएनजीसी वेगळा काढते, तो नागोठण्याला जाऊन प्लॅस्टिकचा कच्चा माल होतो. अलिबागजवळ उसरला गेलने पण प्रोपेनपासून पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक करायचा ५ लाख टनांचा प्रकल्प हाती घेतलाय.

मंडळाचा_आचारी
आमच्या मंडळाच्या गणपतीला मी बाहेर मोठ्या बर्नरवर वडे तळतो, २० पौंडाचा बार्बेक्यूचा सिलिंडर लावून. अर्ध्या तासात सिलिंडरला खालून पांढरं दंव येतं आणि ज्योत बसते, तेल गार, वडे तेल पितात. सिलिंडर तर अर्धा भरलेला असतो. पोलादी काका हे पण तेच का?

पोलादी_पुणेकर
तेच! बर्नर मोठा, सिलिंडर छोटा, वाफ करताना द्रवच गार होत जातो. कोमट पाण्याच्या टबात उभा ठेवा, आपल्याकडचे केटरर पाण्याच्या घमेल्यात ठेवतात ते उगाच नाही. किंवा दोन सिलिंडर जोडा. आडवा मात्र करू नका, काही लोक करतात, द्रव थेट बर्नरकडे येतो आणि आचाऱ्याच्या भुवया जातात. आणि तो सिलिंडर घरात नेऊन वापरायचा नाही, अमेरिकेत मनाई आहे.

खमंग_फोडणी
सगळं झालं पण फोडणीचं कोणी बोललंच नाही. ज्योत पाइपच्या गॅससारखीच असते ना? आणि मी माझी जुनी शेगडी शहरातून नेली तर?

बर्फाळ_बंडू
ज्योत उत्तम, फोडणी उडते, भाकरी फुगते. पण शेगडी तशीच लावू नका. प्रोपेनच्या घनफुटात २,५०० बीटीयू असतात आणि नॅचरल गॅसच्यात हजाराच्या आसपास, त्यामुळे जेटची भोकं लहान लागतात. जुनी मोठीच ठेवली तर पिवळी मोठी ज्योत, भांडी काळी, घरात कार्बन मोनॉक्साइड. जेटचं किट मिळतं, रेग्युलेटरमधला तुकडा उलटा करायचा असतो, टेक्निशियनकडून करून घ्या. पुण्या-मुंबईत सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर जाताना मेकॅनिक येऊन जेट बदलतो ना, त्याच्या बरोबर उलटं.

रानवारा
अपडेट: एजंटकडून करार मागवला. टाकी लीजवरच आहे, वर्षाला किमान गॅलनची अट पण आहे, बंडूदादा तुम्ही म्हणालात तस्संच. विकणाऱ्याला आम्ही सांगितलं की क्लोजिंगच्या (घर नावावर व्हायच्या) आधी टाकी विकत घेऊन आमच्या नावावर कर नाहीतर किमतीत उतरव, तो कंपनीशी बोलतोय. आत ६२ टक्के गॅस आहे त्याचे पैसे वेगळे मागतोय.

गणिती
६२ टक्के म्हणजे ३१० गॅलन. त्याच्या खरेदीच्या पावतीचा भाव मागा, आजच्या भावाने देऊ नका. क्लोजिंगच्या दिवशी काट्याचा फोटो काढा.

बर्फाळ_बंडू
टाकी विकत मिळाली तर दुसरा डीलर भरायच्या आधी तिची तपासणी करेल, घाबरू नका. टाकीची माहिती कोरलेली डेटा प्लेट वाचता येत नसेल तर मात्र कोणी भरणार नाही, आत्ताच जाऊन बघा.

रानवारा
प्लेट स्वच्छ आहे, वाचता येते. घरापासून अंतर पण मोजलं, २२ फूट. आता लेक म्हणतेय टाकीवर वारली चित्रं काढूया, तारपा नाच वगैरे. चालेल का? आणि थंडीचा प्रदेश आहे तर गेरूच्या गडद रंगाने रंगवून ऊन धरायचं का?

पोलादी_पुणेकर
गडद नको. जानेवारीत फायदा वाटेल पण जुलैत उन्हाने आतला दाब चढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसायला लागतो, म्हणूनच टाक्या पांढऱ्या किंवा फिक्या असतात. तुमच्या वारलीला उलटा रंग करा, पांढऱ्यावर गेरूच्या बारीक रेघा. प्लेट, व्हॉल्व्ह आणि काट्याचं झाकण सोडून. आणि टाकी नावावर झाल्यावरच ब्रश हातात घ्या, तोवर ती कंपनीची आहे.